बायोडाटातली वीस मिनिटं

ते प्रकरण आठवलं की आजही मला आधी पेढ्यांचा पुडा दिसतो. टिटवाळ्याचा एक विधुर गृहस्थ तो हातात घेऊन डोंबिवलीच्या आमच्या पोलीस ठाण्यात आला होता. दुपारची वेळ, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी लिहीत बसलेला.

"साहेब, मी एका बाईंकडे स्थळ म्हणून गेलेलो," तो म्हणाला. "त्यांनीच मोबाईलवर मेसेज करून बोलावलेलं. दार उघडलं आणि त्या ओरडायलाच लागल्या. म्हणाल्या, तुम्ही सातवे! मी वाईट माणूस नाही हो. पण त्या फार घाबरलेल्या, ते बघा तुम्ही."

खबर देणारे सहसा स्वतःची मान सोडवायला येतात. हा दुसऱ्यासाठी आला होता, म्हणून मी त्याला बसवलं. लग्न जुळवणाऱ्या एका संकेतस्थळावरचं प्रोफाइल, तिच्या नावाने आलेले मेसेज, बायोडाटाची पीडीएफ, सगळं त्याने दाखवलं.

आपल्याकडचा बायोडाटा कसा असतो, तुम्हाला माहीत आहे. वर गणपती, खाली फोटो, मग जन्मतारीख, जन्मवेळ, रास, उंची, मजल्यासकट पत्ता, वडिलांचा नंबर, मामांचं गाव. एखाद्या आरोपीची एवढी माहिती काढायला मला चार दिवस लागायचे. इथे आपण ती स्वतःच टाईप करून दहा ग्रुपवर टाकतो आणि वर लिहितो, 'कृपया पुढे पाठवा'.

मी तिच्या घरी गेलो. छत्तीस वर्षांची, ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरीला. आई वारलेली, घरात ती आणि वडील. दोन महिन्यांपासून अनोळखी पुरुष फुलं, मिठाई घेऊन दारात येत होते. बेल वाजली तरी ती उठेनाशी झाली होती. शेजारच्या बायकांनी बोलणं टाकलं होतं. वडील म्हणत होते, घर विकू, गावी जाऊ.

"मी कुठे जाणार नाही, सर," ती म्हणाली. "मी काही केलेलंच नाही, तर मी का जाऊ?"

"मग तक्रार का नाही दिलीत?"

"बाबा म्हणाले, पोलिसांची पायरी नको."

मी तिला पीडीएफ दाखवली. "हा माझाच आहे. फक्त जन्मवेळ चुकलीय. माझी तीन पन्नास, इथे चार दहा लिहिलंय," ती सहज म्हणाली. पण वडील एकदम चष्मा पुसायला लागले. प्रश्नाला कोण काय उत्तर देतं, यापेक्षा त्या वेळी बाकीचे काय करतात ते बघायची मला सवय होती.

तिला आधार कार्डाची झेरॉक्स आणायला खाली पाठवलं आणि वडिलांना विचारलं, "ही वीस मिनिटं कुठून आली, काका?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "एकाच स्थळाला तसा दिलेला, साहेब. कल्याणचा मुलगा. त्याच्या आईला मंगळ नको होता. वेळ जरा सरकवली की पत्रिकेतला मंगळ जातो, असं एकाने सांगितलं. पत्रिका जुळली, ते लोक खूश. मग मलाच धडकी भरली, उद्या खरी वेळ कळली तर? त्याचे फोन यायचे, मी उचललेच नाहीत."

"मुलीला सांगितलंत?"

"असं स्थळ आलेलं, हेच तिला माहीत नाही."

म्हणजे हा बायोडाटा त्यांनी एकाच माणसाला दिला होता. संकेतस्थळाला पत्र देऊन प्रोफाइलचा मोबाईल नंबर मागवला. तो कल्याणच्या त्या मुलाच्याच नावावर निघाला. पंचनामा करून फोन जप्त केला आणि त्याला समोर बसवलं.

चाळिशीचा, नीटनेटका, एकटा राहणारा माणूस. मी आवाज चढवला नाही. अशा माणसाला, कोणी ऐकून घेतंय असं वाटलं की तो आपणहून बोलतो. अर्ध्या तासाने तो बोलला.

"नाही म्हणायचं ना सरळ, साहेब. सहा महिने फोन लावले मी. आईने साडी घेऊन ठेवलेली. ती वाट बघतच गेली."

"त्यात त्या मुलीचा काय दोष?"

"मला वाटलं, तिलाच नको असेल. म्हटलं, येऊ देत लोक तिच्या दारात. कोणाला तरी एकदा तोंडावर नाही म्हणेल."

मला त्याची दया आली आणि तितकाच रागही आला. आपलं दुःख म्हणून दुसऱ्याच्या दारात माणसं उभी करायची नसतात, हे मी त्याला सुनावलं. गुन्हा दाखल झाला, प्रोफाइल बंद झालं.

तिला सगळं सांगणं भागच होतं. वडिलांचा जबाब कागदावर येणार होता. सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "बाबा, मला विचारायचं तरी." वडील उठून आतल्या खोलीत गेले.

"आता तो बायोडाटा कुठेच नाही ना, सर?"

मला खोटं बोलवेना. "त्याचा फोन आमच्याकडे जमा आहे. पण त्याने ज्यांना पाठवला, आणि बाबांनी ग्रुपवर टाकलेला खऱ्या वेळेचा, तो कोणाकोणाकडे असेल, ते मला नाही सांगता येणार."

चोरीला गेलेली मंगळसूत्रं, मोटारसायकली मी लोकांना परत दिल्या आहेत. माहिती तशी परत देता येत नाही, हे मी निवृत्तीच्या तोंडावर शिकलो. आणि ती बहुतेक वेळा चोरही नेत नाही. घरचेच प्रेमाने वाटतात, आणि जिची ती असते तिला विचारायचं कोणाच्या मनातही येत नाही. मीही माझ्या मुलीला कधी विचारलं नव्हतं.

साक्षीसाठी तिला कोर्टाचं समन्स निघालं, तेव्हा दारात पुन्हा अनोळखी माणूस नको म्हणून ते घेऊन मी स्वतः गेलो. दारावरची नावाची पाटी काढलेली होती. वडील गावी निघून गेले होते.

"आता कोणी त्रास देत नाही ना?" मी विचारलं.

"नाही, सर. आता कोणीच येत नाही." सही करून तिने कागद परत दिला. "चहा टाकू? पाच मिनिटं लागतील."

मी घड्याळ बघितलं आणि नको म्हणालो. जिना उतरताना वर कडी लागली, मग साखळी, मग कुलूप. त्या दिवशी मला कसलीही घाई नव्हती. मी चहाला थांबायला हवं होतं.