लढाईतली फिलोमिना आजी

गल्फमध्ये राहणारा माणूस सामान साठवत नाही. कंपनी कधी ‘खलास’ म्हणेल आणि गाशा गुंडाळावा लागेल, याचा नेम नसतो. किस्से मात्र साठतात. त्यांना कार्गोचं भाडं पडत नाही! माझ्याकडे तर इतके साठलेत की आमचे हे म्हणतात, “सुलभा, तुला वेगळा कंटेनर बुक करावा लागेल.”

त्यातले निम्मे एकट्या फिलोमिना आजींचे.

आम्ही शारजात, अल नहदाला, बाराव्या मजल्यावर. समोरच्या फ्लॅटमध्ये वसईचं कुटुंब आलं तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी पुरणपोळ्या घेऊन बेल वाजवली. (पोळ्या द्यायच्या होत्याच, पण घरही बघायचं होतं. खोटं कशाला बोलू?) दार ग्लॅडिसनं उघडलं. ती दुबईत हॉटेलमध्ये कामाला, शिफ्ट ड्युटी. नवरा नेल्सन रुवैसच्या रिफायनरीत, वीकेंडला येणार. मुलगी एला, नऊ वर्षांची. आणि कोपऱ्यात खुर्चीवर ग्लॅडिसची आजी, नव्वदी कधीच ओलांडलेली, पण मान ताठ.

मी पहिलाच प्रश्न टाकला, “आजी, जन्म वसईचाच का तुमचा?”

“नाही गं. लंडनचा. गोदीच्या मागच्या गल्लीतला.”

पोळ्यांचा डबा माझ्या हातातून पडता पडता राहिला!

त्यांचे वडील बोटीवर स्वयंपाकी. नंतर त्यांनी लंडनच्या गोदीजवळ आपल्या खलाशांसाठी खाणावळ काढली आणि बायकोला वसईहून बोलावून घेतलं. आजी तिथेच जन्मल्या, तिथल्याच शाळेत गेल्या. मी दहावी शिकलेली बाई. माझ्या डोक्यात लंडन म्हणजे राणी आणि घड्याळ. तिथे वसईची खाणावळ होती हे मला कोण सांगणार?

तेव्हापासून रोज चारला मी आणि अकराव्या मजल्यावरची भारती आजींकडे चहाला. भारती पुण्याची. तिला कशावरही “काहीतरीच!” म्हणायची सवय.

* * *

पहिला किस्सा बोंबलांचा.

दुसरं महायुद्ध, म्हणजे आजींची ‘लढाई’, होणार होणार म्हणत होते, तेव्हा शाळेतल्या प्रत्येक पोराला विषारी वायूसाठी रबरी मास्क मिळाला होता. पुठ्ठ्याच्या खोक्यात. खोकं रोज गळ्यात अडकवून न्यायचं. आजींच्या आईला वाटलं, एवढं चांगलं खोकं, घट्ट झाकणाचं, त्यात तो रबराचा थोबडा कशाला? तिनं मास्क खुंटीला टांगला आणि खोक्यात खलाशांनी आणलेले सुके बोंबील भरले. सकाळी घाईत तेच खोकं आजींच्या गळ्यात!

वर्गात बाईंनी ड्रिल घेतलं. “खोकी उघडा!” सगळ्यांनी उघडली. आजींनीही उघडलं.

“बाईंनी एकदा नाक वर केलं,” आजी सांगतात, “आणि ओरडल्या, ‘गॅस!’ सगळा वर्ग मास्क घालून बाकाखाली! बाईसुद्धा! मी एकटीच उभी, हातात बोंबील.”

मी आणि भारती हसून हसून रडलो. भारतीनं डोळे पुसत विचारलं, “मग मार बसला असेल?”

“मार नाही बसला. पण दुसऱ्या दिवसापासून शेजारी कुणी बसलं नाही.”



* * *

मध्यंतरी एका संध्याकाळी वादळी पावसाचा इशारा म्हणून सगळ्यांच्या मोबाइलवर एकदम तो कर्कश अलार्म वाजला. मी घाबरून समोर धावले. दार उघडं. खुर्ची रिकामी!

ज्या बाईला खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागतात, ती डायनिंग टेबलाखाली बसली होती, एलाला कुशीत घेऊन. गॅस बंद. बाथटब पाण्यानं भरायला लावलेला. हातात बिस्किटांचा पुडा.

“सुलभा, आत जागा आहे, ये!”

“अहो आजी, पाऊस आहे!”

“पाऊस तर पाऊस. बिस्किट घे.”

बाहेर काढायला वॉचमनला बोलवावं लागलं. एला म्हणाली, “आंटी, इट वॉज द बेस्ट इव्हनिंग.”

* * *

मांजराचा किस्सा मी जेवताना सांगत नाही.

आजींच्या खाणावळीत एक बोका होता. नाव बांगडा. लढाई पुकारली त्याच आठवड्यात लोकांनी ठरवलं, माणसांनाच खायला पुरणार नाही तर जनावरांना कुठून घालायचं? बॉम्ब पडले तर ती पिसाळतील. म्हणून लोक आपापली कुत्री-मांजरं घेऊन डॉक्टरकडे निघाले. औषध टोचून मारायला!

“काहीतरीच!” भारती म्हणाली. “इंग्रज? ते तर कुत्र्याला पोटच्या पोरासारखं सांभाळतात!”

“गल्लीच्या टोकापर्यंत रांग होती,” आजी म्हणाल्या. “लढाईतली पहिली रांग मी ती बघितली. रेशनची नंतर आली.”

आईनं बोक्याला टोपलीत घातलं आणि लेकीला सांगितलं, बांगडा खेड्यात राहायला चाललाय. तिकडे मोकळी हवा आहे.

पुढे आजींना खेड्यात पाठवलं तेव्हा त्या महिनाभर दारोदार फिरल्या. प्रत्येक दार वाजवून विचारायच्या, “आमचा बांगडा तुमच्याकडे आलाय का?”

त्या दिवशी माझा चहा तसाच गार झाला.

* * *

आता त्यांना पाठवलं कसं, ते सांगते. पण त्याआधी आमच्या बाजूची एक गोष्ट सांगायला हवी, कारण तेव्हा समोरच्या घरात तेच चाललं होतं.

नेल्सनला रुवैस सोडता येत नव्हतं. ग्लॅडिसला प्रमोशन मिळालं, सोबत रात्रपाळ्याही. एलाकडे कोण बघणार? म्हणून ठरलं की जूनमध्ये तिला पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये घालायचं. आणि एलाला मात्र सांगायचं, सुट्टीला वसईला जातोय.

“तिथं पोचल्यावर सांगू,” ग्लॅडिस मला म्हणाली. “आधी सांगितलं तर रडून गोंधळ घालेल. सुलभाताई, तुमच्या पोटात काही राहत नाही. प्लीज, हे तेवढं ठेवा!”

आजी शेजारीच बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी चहाला त्यांनी हा किस्सा काढला.

लंडनवर बॉम्ब पडणार म्हणून शाळेतली पोरं आगगाडीत घालून खेड्यात पाठवत होते. आई-बाप मागे. आजींच्या आईनं सांगितलं, शाळेची पिकनिक आहे. डब्यात भाकरी दिली. आजी खिडकीतून हसत हात हलवत गेल्या. संध्याकाळी त्यांनी बाईंना विचारलं, “परतीची गाडी किती वाजता?”

बाईंनी तोंड फिरवलं.

खेड्यात सगळ्यांना एका हॉलमध्ये भिंतीशी उभं केलं. गळ्यात नावाची चिठ्ठी. गावातली माणसं येऊन पोरं निवडू लागली. “मासळीबाजारात पापलेट बघतात ना, तसं,” आजी म्हणाल्या. “दंड चाचपून. एकीनं दात बघितले.” गोऱ्या, गुबगुबीत मुली आधी गेल्या. मग कामाला येतील असे मोठे मुलगे. मग उरलेसुरले.

“शेवटी हॉलमध्ये मी उरले आणि पियानो उरला.”

“मग?” मी विचारलं.

“मग हॉलला कुलूप लावायला मिस बार्लो नावाची बाई आली. तिला मी नको होते गं. तिला घरी जायचं होतं. म्हणून घेऊन गेली.”



* * *

सगळंच काही रडगाणं नव्हतं. मिस बार्लो तोंडानं फटकळ, पण पोटभर घालायची. गावातल्या पाद्रीबाबांना वाटायचं, ही हिंदुस्थानातली पोर, हिनं वाघ पाहिले असणार. आजींनी तोवर वसईसुद्धा पाहिली नव्हती. पण रविवारी बायकांच्या सभेत वाघाची गोष्ट सांगितली की केक मिळायचा.

“वसईत वाघ?” मी म्हटलं.

“केकसाठी आणावाच लागला. पहिल्या रविवारी एक होता. नाताळपर्यंत सात झाले!”

हसता हसता मी सहज विचारलं, “तुमची आई भेटायला नाही आली कधी?”

“आली होती ना, पहिल्या वर्षी. निघताना मी तिच्या कोटाला अशी लटकले की दोघींनी मिळून सोडवावं लागलं. मिस बार्लो तिला म्हणाली, तुम्ही गेलात की पोरगी आठवडाभर जेवणार नाही. तिचं भलं हवं असेल तर येऊ नका.”

“आणि तिनं ऐकलं?”

“शहाणी बाई सांगत होती. ऐकलं.”

* * *

मे महिन्यात लिफ्टमध्ये एला भेटली. पाठीवर दप्तर. मी मुद्दाम गोड आवाजात विचारलं, “मग काय, वसईला जायचं ना सुट्टीला? आंबे खायला?”

तिनं लिफ्टच्या आकड्यांकडे बघत सांगितलं, “आंटी, इट्स ओके. आय नो अबाउट द बोर्डिंग.”

मला लिफ्ट खाली चालल्यासारखी वाटली. चालली होती वर!

“तुला कुणी सांगितलं गं?”

“नोबडी. मम्मा बॉट सिक्स टॉवेल्स अँड पुट माय नेम ऑन ऑल.” मग बारावा मजला आला. दार उघडलं. “प्लीज डोन्ट टेल मम्मा दॅट आय नो. शी विल क्राय.”

ग्लॅडिसचं गुपित मी महिनाभर पोटात ठेवलं होतं. एलाचं मला दहा मिनिटंही ठेवता आलं नाही. ग्लॅडिसला नाही सांगितलं, पण आजींना सांगितलं. आजींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, झोपल्या. मग म्हणाल्या, “ग्लॅडिसला सुट्टी कधी आहे?”

* * *

एला गेली नाही. शाळेच्या बसमधून उतरते ती सरळ माझ्याकडे येते आणि माझ्या चपातीला “टू थिक” म्हणते. रात्रपाळी असली की माझ्याच घरी झोपते. प्रमोशनचं काय झालं, ते ग्लॅडिस आणि तिचं हॉटेल बघून घेतील, इन्शाल्ला.

बेत का बदलला, हे मी नेल्सनला विचारलं. तो म्हणाला, “ग्लॅडिसला विचारा.” ग्लॅडिस म्हणाली, “आजीला विचारा.” आजी म्हणाल्या, “मी कुठं काय म्हटलं? मी तर चहाची गोष्ट सांगत होते!”

ती गोष्ट अशी.

ग्लॅडिसची सुट्टी होती. एला शाळेत. सोफ्यावर नवे गणवेश पसरून ग्लॅडिस हेम घालत बसली होती. मी आणि भारती नेहमीच्या जागी.

“लढाई संपली त्या उन्हाळ्यातली गोष्ट,” आजींनी सुरुवात केली. “मी चौदा वर्षांची होते. मिस बार्लो बाजारात गेलेली. दार वाजलं. मी उघडलं. बाहेर एक बारीकशी बाई. करडा कोट, डोक्याला टोपी, हातात पिशवी. मी म्हटलं, ‘गुड आफ्टरनून. मिस बार्लो घरात नाहीत. आपण आत येऊन थांबता का?’”

“कोण होती?” भारतीनं विचारलं.

“ती आत आली. खुर्चीच्या कडेवर बसली. मी विचारलं, ‘चहा घेणार, मॅडम?’ ती म्हणाली, ‘थँक यू.’ मी चांगल्या कपात चहा दिला. साखर वेगळी. समोर बसून हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मिस बार्लोनं शिकवल्या होत्या तशा. तासभर. बाई नुसती माझ्याकडे बघत होती. कप रिकामा झाला तरी खाली ठेवीना.”

ग्लॅडिसची सुई थांबली होती.

“मिस बार्लो आली. दारातच थबकली. मी म्हटलं, ‘या बाई तुम्हाला भेटायला आल्यात.’ तर ती म्हणाली, ‘मला नाही गं. ही तुझी आई आहे.’”

मला राहवलं नाही. “पण आजी, तुम्ही नाही ओळखलंत, ठीक. लहान होतात. पण त्यांनी तुम्हाला ओळखलं होतं ना? तासभर गप्प का बसल्या? सांगायचं नाही का, मी आई म्हणून?”

“मीही विचारलं होतं तिला,” आजी म्हणाल्या. “खूप वर्षांनी, वसईत, ती आजारी होती तेव्हा. म्हणाली, ‘तू किती छान बोलत होतीस गं. मला वाटलं, थोडा वेळ पाहुणी म्हणूनच बसावं.’”