अण्णाचं माप आणि मजीदभाईंचा हत्ती

अण्णा गेला तेव्हा मी दवाखान्याच्या खाली औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभी होते. माझा नंबर आला, औषधं घेतली आणि वर आले, तर नर्सबाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही आधी बसा." तेवढ्यावरून कळलं. औषधांची पिशवी मांडीवर घेऊन मी बराच वेळ बसून राहिले … ती परत करायची असते हेही सुचलं नाही. त्याला आता सहा आठवडे झाले. पेपरच्या पुरवणीत लोक आपल्या गेलेल्या माणसावर लिहितात ते मी वाचत असते, म्हणून वाटलं, आपणही वहीत लिहून बघावं. माझं शिक्षण चौथीपर्यंत. हे कुठं पाठवायचं नाही. पण एक गोष्ट मला तोंडानं कुणाला सांगता आली नाही, ती कुठंतरी ठेवायला पाहिजे.

अण्णा माझा थोरला भाऊ. आमचे वडील रेल्वेत गँगमन होते. छोटी लाईन होती तेव्हाची गोष्ट. खेड्यातलं स्टेशन, एक फलाट, पत्र्याचं छप्पर, पाण्याची टाकी आणि मागं आमची खोली. वडील रोज रुळाचं अंतर मोजत चालायचे आणि अण्णा त्यांच्या मागं. "सूतभर चुकलं तरी गाडी पडते, माणसं मरतात," असं वडील सांगायचे. मला ते नुसतं बोलणं वाटायचं, अण्णाच्या ते हाडात गेलं. तो टूलरूमचं काम शिकला, आधी चिकलठाण्याला, मग शेंद्र्याला कारखान्यात नोकरी केली. केसाच्या जाडीएवढा फरक त्याला बोटाला कळायचा. माझं लग्न होऊन दीड वर्षात मी परत आले. का आले ते त्यानं कधी विचारलं नाही. एवढंच म्हणाला, "कमे, मागची खोली तुझी." त्यानं स्वतः लग्न केलं नाही. मुकुंदवाडीच्या त्या घरात आम्ही दोघं तीस वर्षांच्या वर राहिलो, आणि मी फार बोलत नाही हे त्याला चालायचं.

रिटायर झाल्यावर त्यानं मागच्या अंगणात ते स्टेशन बांधायला घेतलं. खेळण्यातलं म्हणावं तर तसं नव्हतं. इंजिन मांजराएवढं, डबे हातभर लांब, पितळी रूळ कडुलिंबाला वळसा घालून परत स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा. सगळं साडेबाविसाच्या मापात, म्हणजे खरं साडेबावीस फूट असेल ते इथं एक फूट. छोट्या लाईनचा रूळ एक मीटर रुंद, तो अंगणात पंचेचाळीस मिलीमीटरच्या आत एवढासा. ते माप त्यानं मलाही शिकवलं. कडुलिंबाचं एक पान गळून रुळावर पडलं की तो म्हणायचा, "उचल, पाच फुटाचं पान कुठं असतं का?" मी रोज सकाळी हातानं पानं वेचायची, झाडूनं नाही. खारी यायच्या तेव्हा मात्र त्याचा इलाज नव्हता. त्या मापात खार बैलापेक्षा मोठी होते.

त्याच्या या कामात एकच माणूस यायचा, मजीदभाई. कारखान्यात अण्णाच्या शेजारी वेल्डिंगला होते, रिटायर झाल्यावर गुलमंडीत मुलाच्या कापडाच्या दुकानात बसायचे. दर रविवारी सकाळी यायचे. इंजिनाची चौकट त्यांनीच जोडून दिली. पण मापाचं त्यांना काही नव्हतं. गाडी पळाली पाहिजे, शिट्टी वाजली पाहिजे, बघणारा हसला पाहिजे. एकदा ते प्लॅस्टिकचा हत्ती घेऊन आले आणि उघड्या डब्यावर उभा करून म्हणाले, "देखो, सर्कस जा रही." अण्णानं खिशातली पट्टी काढली. "सात इंच. म्हणजे तेरा फूट. असा हत्ती जगात नाय, मजीद."

"जगात नहीं ना? अपने पास है! अरे यार, तू गाडी चला रहा के पंचनामा कर रहा?"

अण्णा हसायचा, पण हत्ती उतरवायचा. माझ्याही बाबतीत तसंच झालं. स्टेशनात माणसं नव्हती, म्हणून मी गुपचूप मातीची माणसं केली. स्टेशनमास्तर, डोक्यावर गाठोडं घेतलेली बाई, कंदील धरलेले आमचे वडील. उन्हात वाळवली, रंगवली. अण्णानं मास्तरला मापलं. "पावणेचार इंच. सात फुटाचा मास्तर! कमे, त्याला दारातून आत जाता येईल का?" खरंच येत नव्हतं. वडिलांना मात्र त्यानं मापलं नाही, नुसतं हातात धरून पाहिलं आणि मला परत दिलं. मजीदभाई म्हणाले, "बहन, मेरे को दे दो, मेरे घर में दरवाजे ऊँचे हैं." मी सगळी दिली. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. पण अण्णाचंही खरं होतं. तो खेळ करत नव्हता. ती जागा आता नाही, खोलीही पाडली. त्याला ती जशी होती तशी पाहिजे होती आणि एक माणूस मोठं झालं की ती तशी राहत नाही.

पुढं झालं ते माझ्यामुळं झालं. त्या रविवारी अण्णा पैठणला एका सोबत्याच्या मुलीच्या लग्नाला गेला होता. मजीदभाईंना ते माहीत नव्हतं, ते नेहमीसारखे आले आणि कडुलिंबाखाली बसले. मी दारातून विचारलं, चहा देऊ का? ते म्हणाले, "रेल से भेजो." मी नाही म्हटलं असतं, पण घरात कुणी नव्हतं. उघड्या डब्यावर दोन ग्लास ठेवले, मागं अण्णाचा नवा प्रवासी डबा तसाच जोडलेला होता, सागवानी, आठ महिने खपून केलेला. तो सोडवून ठेवायचं मला सुचलं नाही. पंख्याच्या रेग्युलेटरसारखं वेगाचं बटण दारापाशीच असतं. मी ते फिरवलं आणि गाडी चहा घेऊन निघाली. मजीदभाई उभे राहून सलाम करायला लागले. मला इतकं हसू आलं … किती वर्षांनी ते माहीत नाही. हसता हसता मी बटण आणखी फिरवलं. वळणावर ग्लास कलंडले, डबे आडवे झाले, नव्या डब्याची एक बाजू दगडावर आपटून फुटली आणि गरम चहा इंजिनाच्या मोटरीत गेला.

अण्णा संध्याकाळी आला. मजीदभाई घरी गेले नव्हते, थांबले होते. माझ्याकडं न बघता ते म्हणाले, "मैंने चलाई." फुटलेली फळी हातात घेऊन अण्णा म्हणाला, "तुला तमाशा पाहिजे होता, झाला. आता येऊ नको." मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं, "गाडी मी चालवली." ते आलं नाही. मजीदभाई चप्पल घालून निघून गेले. नंतर दीड वर्ष रोज मी ते वाक्य सकाळी पानं वेचताना जुळवायची आणि अण्णा बाहेर आला की गप्प व्हायची.

डबा त्यानं दुरुस्त केला, मोटर बदलली. पण गाडी चालवायचा नाही. रूळ पुसायचा, मापायचा, परत मापायचा. मग खोकला सुरू झाला. फुप्फुसं निकामी होत चालली आहेत, डॉक्टरांनी सांगितलं. शेवटी घरातल्या घरात चाललं तरी धाप लागायची. एका दुपारी त्यानं मला खाटेजवळ बोलावलं.

"कमे, गुलमंडीला जा. मजीदला सांग, हत्तीसकट ये."

मी म्हटलं, फोन करते. "फोनवर नको. फोनवर माणूस बघू म्हणतो. तू समोर उभी राहा." मग दम घेऊन म्हणाला, "आन् त्याला म्हण … माप सोडलं मी."

मी रिक्षानं गेले. दुकानात चार-पाच बाया गिऱ्हाईक होत्या, मजीदभाई आत टेकून बसले होते, पाठमोरे. त्यांच्या डोक्यावरच्या फळीवर कापडाच्या गठ्ठ्यांशेजारी माझा सात फुटी मास्तर उभा होता. त्यांचा मुलगा मला ओळखत नव्हता. तो म्हणाला, "बोला मावशी, काय दाखवू?" सगळ्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "अस्तर." कोणता रंग, त्यानं विचारलं. मी पांढरा म्हटलं. त्यानं अर्धा मीटर फाडून दिलं, मी पिशवीत घातलं आणि पायऱ्या उतरले. खाली थोडा वेळ थांबले. परत चढले नाही.

घरी अण्णा जागा होता. "भेटला का?" मी म्हटलं, "दुकान बंद होतं."

"आज जुम्मा असंल," तो म्हणाला. बुधवार होता. त्याला वारांची शुद्ध राहिली नव्हती. "व्हय," मी म्हटलं. "उद्या जा," तो म्हणाला. पहाटे त्याचा श्वास अडकायला लागला, शेजाऱ्यांनी गाडीतून दवाखान्यात नेलं, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, पण दर वेळी दार उघडलं की तो मान वळवायचा.

जलदानविधी झाल्यावर आठवड्यानं मजीदभाई एकटेच आले. त्यांना कुणीतरी उशिरा सांगितलं होतं. अंगणात गेले नाहीत. अण्णाच्या खोलीत उभे राहिले, टोपी हातात घेऊन. कोपऱ्यातल्या लेथ मशीनच्या चकात, म्हणजे पकडीत, गाडीचं एक चाक अर्धवट कातलेलं होतं, त्याच्यावर त्यांनी बोट फिरवलं. मग विचारलं, "कमलबहन, आखिर में कुछ बोले क्या … मेरे वास्ते?"

सगळं तोंडाशी आलं होतं. हत्तीसकट ये. माप सोडलं मी. गाडी मी चालवली. मी म्हटलं, "पाणी देऊ का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मान हलवली. "हौ. दे दो." उभ्याउभ्याच प्यायले, भांडं खिडकीत ठेवलं आणि गेले. अण्णा काहीच बोलला नाही असं समजून गेले. ते परत येतील असं मला वाटत नाही.

म्हणून हे लिहिलं. लिहून झाल्यावर लक्षात आलं, मजीदभाई उर्दू शाळेत शिकलेले. त्यांना मराठी बोललेली सगळी कळते, वाचता येत नाही. ही वही त्यांच्या हातात दिली तरी कुणालातरी शेजारी बसून मोठ्यानं वाचावी लागेल, आणि ती मुलाला किंवा परक्याला वाचायला देण्यासारखी नाही. मी ती अण्णाच्या खोलीत मशीनच्या खणात ठेवली आहे. चाक चकात तसंच आहे. ते सोडवायची किल्ली त्याच खणात असते, वही ठेवताना हाताला लागते.