वाशीचा कागद

कागद दुरुस्त करणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. काम मुकाट्याने करायचं असतं, त्यामुळे दिवसभर बोलायचं राहून जातं ते कातरणांसारखं मनात साचत जातं. मग दुबईत डिस्कव्हरी गार्डन्समध्ये मैत्रिणींकडे चहाला बसले की एकेक बाहेर पडतं.

आमचं वर्कशॉप शारजात, रोल्ला चौकाच्या मागच्या एका शांत गल्लीत आहे. फाटकी पुस्तकं, जुने फोटो, नकाशे आमच्याकडे येतात. आम्ही तिघं. वर्कशॉप ज्यांचं आहे त्या जपानी मिचिकोसान, केरळचे बायंडर अन्वरभाई आणि पुण्याची मी.

*

नोकरी लागली तेव्हा मैत्रिणीला कौतुकाने सांगितलं, "माझं आता सगळं वाशीचंच काम असतं."

ती "अच्छा" म्हणाली आणि विषय बदलला. संध्याकाळी तिने माझ्या नवऱ्याला फोन केला, "ती परत येईपर्यंत तुमचा डबा पाठवू का?"

वाशी म्हणजे जपानी हातकागद. झुडपाच्या सालीपासून करतात. नवी मुंबईचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे तिला अजून पूर्ण पटलेलं नाही.

*

त्यातला सगळ्यात पातळ कागद हातात घेतला की हातात काही आहे असं वाटतच नाही. एकदा एसीच्या झोतात असा एक तुकडा उडाला. वर गेला, दिव्यापाशी तरंगत राहिला. मी पकडायला उठले.

"बसा," मिचिकोसान म्हणाल्या. "हात हलला की तो आणखी लांब जातो."

आम्ही तिघं माना वर करून बसलो. तुकडा सावकाश खाली आला आणि अन्वरभाईंच्या दाढीत अडकला. ते श्वास रोखून पुटपुटले, "मॅडम, अब मैं क्या करूँ?"

"काही नाही," मिचिकोसान म्हणाल्या. "सुंदर दिसतंय."

*

हा कागद चिकटवायला मिचिकोसान गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवतात. पहिल्यांदा तो वास आला आणि मला थेट आमची गच्ची दिसली, कुरडयांची वाळवणं दिसली. दुसऱ्या दिवशी मी डब्यात गव्हाचा चीक नेला, वर तूप, मीठ, जिरं.

मिचिकोसान डोळे मिटून खात होत्या. चमचा चाटून खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझे वडील घरांच्या सरकत्या दारांना खळीने कागद लावायचे. लहानपणभर मी हा वास घेतला. खाऊन बघायचं कधी सुचलंच नाही."

*

पश्चिमेच्या खिडकीला आम्ही वाशी लावली आहे. बाहेर रस्ता उन्हात भाजत असतो आणि आत दुधासारखा उजेड पसरतो. कागदातले धागे भिंतीवर पुसट हलतात.

एकदा भर दुपारी कुरिअर घेऊन एक पठाण आला. सही झाली, तरी तो उभाच. मिचिकोसाननी स्टूल पुढे केलं. टोपी मांडीवर ठेवून तो खिडकीकडे बघत बसला. गाडीतून कोणीतरी हॉर्न मारला तसा उठला.

"बाजी," मोठ्या बहिणीला म्हणतात तसं तो मला म्हणाला, "आपके यहाँ अभी तक सुबह है."

*

मागच्या हिवाळ्यात एक म्हातारे अरब गृहस्थ लेकीचा हात धरून आले. सोबत त्यांच्या वडिलांनी हाताने काढलेला नकाशा. वडील मोती काढणाऱ्या होडीचे कप्तान होते. कुठल्या पाण्यात शिंपले मिळतात, ते त्यात दाखवलेलं. घड्या तुटल्या होत्या आणि एका कडेला बोटाएवढं भोक पडलं होतं.

"कीड?" मी विचारलं.

"नाही," लेक म्हणाली. "माझे मोठे काका तिथे बुडी मारून खाली गेले, ते वर आलेच नाहीत. आजोबा रोज तिथे बोट ठेवायचे. कागद झिजला."

नकाशाला आम्ही मागून वाशी लावली. भोकाच्या जागी काय काढायचं, हा प्रश्न होता. मी म्हटलं, आजूबाजूच्या रेघा जोडून देऊ. मिचिकोसाननी मान हलवली. "आपल्याला माहीत नाही, ते आपण काढायचं नाही." जागा पांढरीच राहिली. न्यायला येतील तेव्हा ते रागावतील, अशी मला धास्ती होती.

ते आले. नकाशा टेबलावर पसरला. त्यांना आता फार दिसत नाही, म्हणून ते बोटांनी चाचपत निघाले. किनारा, बेट, मग त्या पांढऱ्या जागेवर बोट थांबलं.

त्यांनी दुसऱ्या हाताने, बुडी मारताना धरतात तसं, चिमटीत नाक धरलं, खोल श्वास घेतला तोंडाने आणि डोळे मिटून मान खाली घातली. तसेच राहिले. लेक पुढे झाली आणि थांबली. नकळत मीही श्वास धरला होता. माझा सुटला, तरी त्यांचा नाही.

मग त्यांनी मान वर केली, नाक सोडलं, ओठांवरून हात फिरवला.

"खलास, झालं," ते लेकीला म्हणाले. "यल्ला, घरी जाऊ."