मशीनपुरतं ऊन

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून घेतलं आणि सांगितलं की तुमच्या मिस्टरांना आता ऑक्सिजनशिवाय ठेवता येणार नाही. फुप्फुसं आतून घट्ट होत चालली आहेत, ती पुन्हा मऊ होणार नाहीत. हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन घरी ठेवा, रात्रभर नळी नाकाला हवीच, दिवसाही जमेल तितका वेळ. मी मान डोलावत होते. मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्याकडे लाइट फार जाते का हो?"

"आमच्याकडे लाइटच नाही," मी म्हणाले.

त्यांना वाटलं, मी थट्टा करतेय.

थट्टा नव्हती. माझ्या नवऱ्याने सगळी नोकरी बोटीवर इंजिनरूममध्ये काढली. निवृत्त झाल्यावर देवगडच्या बाजूला, वाडीच्या वर कातळावर त्याच्या वाटणीला आलेल्या जमिनीत आम्ही मांगर बांधला. चिऱ्यांच्या दोन खोल्या, वर कौलं, पलीकडे उतारावर आंब्याची थोडी झाडं. विजेचे खांब खाली वाडीत संपतात. मधल्या जमिनींचे मालक मुंबईला, त्यातले काही एकमेकांशी बोलतही नाहीत. खांब पुढे आणायला त्या सगळ्यांची संमती लागणार होती, ती काही मिळाली नाही. आमचं तरी काय अडलं होतं? छपरावर एक लहानसं सोलर पॅनल, त्यावर दोन दिवे आणि मोबाइल. आम्हाला तेवढं पुरत होतं.

हॉस्पिटलमधून आम्ही मशीन घेऊन बांद्याला धाकट्या दिराकडे गेलो. हायवेला लागून घर, वीज भरपूर. दीर-जावेने काही कमी केलं नाही. पण नवरा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. खाणं कमी झालं, मग जवळजवळ सुटलंच. एका सकाळी चहाचा कप तसाच बाजूला ठेवून म्हणाला, "माका हयसर मरूचा नाय. माका घराक व्हर."

"थंय लाइट नाय. मशीन कशार चालतला?"

"सूर्यार." दम घ्यायला थांबला. "तू कर. मी सांगतंय."

"माका येवचा नाय ता."

"येतला. आख्खो जन्म दुसऱ्याच्या बोटीर काढलंय. आता माझ्या जमनीर रवतलंय."

मी शाळेत मराठी शिकवलं. फ्यूज उडाला तरी शेजाऱ्याला हाक मारणारी बाई मी. पण त्या दिवशी दुपारी त्याने माझ्याकडून भात मागून घेऊन खाल्ला, तेव्हा मला दुसरा रस्ताच उरला नाही.

तो एका श्वासात चार-पाच शब्द बोलू शकायचा. त्यामुळे शिकवणी फार सावकाश चालली. मी जावेच्या स्वयंपाकघराच्या दाराच्या मागे खडूने लिहायचे. तो म्हणायचा, "आधी मशीन किती खाता ता बघ. आभाळाकडे मगे." किती वॉट ते मशीनच्या पाठीवर लिहिलेलं होतं. त्याला तासांनी गुणलं. जो आकडा आला तो बघून मी खडू खाली ठेवला. आमचे दोन दिवे म्हणजे त्याच्यापुढे काजवे होते. शिवाय मशीनला कमी-जास्त काही कळत नाही. ऑक्सिजन कमी सोडला तरी ते वीज तेवढीच ओढतं. एक तर चालू, नाही तर बंद.

कणकवलीच्या दुकानदाराने मला घरगुती संच दाखवला. "मॅडम, पंखा, टीव्ही, मिक्सर, सगळं आरामात चालतं यावर."

"माणूस चालेल?" मी विचारलं.  मग मशीनचा आकडा सांगितला तेव्हा त्याने खुर्ची पुढे ओढली आणि नीट बोलायला लागला.

पॅनल किती, बॅटऱ्या किती, वायर किती जाडीची, हे हळूहळू जमत गेलं. जमत नव्हतं ते एकच. नवऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आषाढात सलग किती दिस ऊन पडना नाय?" मी वाडीत विचारलं, बाजारात विचारलं. लोक म्हणायचे, पडत नाही कधी कधी आठवडाभर. कधी कधी जास्तही. कुणी मोजलं नव्हतं. कुणाला कधी गरजच पडली नव्हती. आठवडाभर पुरतील एवढ्या बॅटऱ्या घ्यायच्या तर मांगराची एक खोली त्यांनीच भरली असती, आणि तेवढी आमची ऐपत नव्हती. शेवटी दोन रात्री पुरतील एवढ्या घेतल्या. त्याच्यापुढे सिलिंडर, असं ठरवलं. ठरवताना आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

दीर आणि वायरमन मिळून सगळं बसवून गेले. वाऱ्याने उडू नये म्हणून पॅनलचे पाय जांभ्यात भोकं पाडून सिमेंटने बसवले. नवऱ्याला मी अंगणात खुर्चीवर बसवलं होतं. तिथून तो हाताने दाखवत होता, अजून थोडं दक्षिणेला, अजून थोडं खाली. संध्याकाळी मशीन पहिल्यांदा मांगरात सुरू झालं. बारक्या गिरणीसारखा त्याचा आवाज. नवरा तो ऐकत झोपून गेला. मी मात्र बॅटऱ्यांपाशी बसून राहिले, कुणी तान्ह्या मुलाजवळ बसावं तशी.

चैत्र-वैशाखात काही प्रश्न आला नाही. तो आंब्याच्या झाडांपर्यंत जाऊन यायचा, नळी काढून, काठी टेकत. भूक परत आली. माझ्यावर ओरडू लागला, पॅनलवरची धूळ पुसली नाहीस म्हणून. मला वाटू लागलं, आपण जिंकलो.

आषाढात आभाळ खाली उतरलं ते वर जाईना. ढगातूनसुद्धा पॅनल थोडी वीज देतात, पण ती मशीनला पुरत नाही. बॅटरीचा आकडा रोज सकाळी आदल्या दिवसापेक्षा खाली दिसायचा. मी दिवे बंद केले, रॉकेलची चिमणी काढली. मोबाइल चार्ज करणं बंद केलं. सिलिंडर आधीच लावून संपत आला होता, आणि नवा आणायचा तर खालच्या व्हाळाचं, ओढ्याचं, पाणी रस्त्यावरून वाहत होतं. मी कातळाच्या टोकाला जाऊन, छत्री वाऱ्याला देऊन, दिराला फोन लावला. तो म्हणाला, "वहिनी, पाणी उतरल्याबरोबर निघतंय. तोपर्यंत सांभाळा." सांभाळा म्हणजे काय करायचं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

परत आले आणि म्हणाले, "आता बंद करूक कायच रवला नाय."

नवरा उशांना टेकून बसला होता. त्याने नाकातली नळी काढून माझ्या हातात दिली.

"मशीन. दिवसाचा बंद. रातीक लाव."

"आणि तुमी?"

"बसान रवतंय. बोलूचंय नाय."

आधी मला कळलंच नाही. मग कळलं. बोलायला हवा लागते. आता तो तीही वाचवणार होता.

त्यानंतर तो बोलला नाही. सकाळी मी मशीन बंद करायचे आणि तो गुडघ्यांवर हात टेकून, थोडा पुढे वाकून बसायचा. हलायचा नाही. बोटाला लावायचा चिमटा होता, ऑक्सिजन किती ते सांगणारा. मी तो सारखा लावून बघायचे. शेवटी त्याने तो काढून उशीखाली सरकवला. ओठ जांभळट दिसायचे. मी पेज भरवायचे, दोन घोटांमध्ये थांबून. पाऊस जरा विरळ झाला की बाहेर पळायचे, पॅनलवरची पानं काढायचे, पदराने काचा पुसायचे. त्याने काहीही फरक पडत नव्हता, हे मला ठाऊक होतं. तरी पुसायचे.

एका दुपारी माझा तोल सुटला. मी ओरडले. म्हणाले, "तुमच्या हट्टापायी ह्या सगळा! बांद्याक सुखान पडान रवला असतास! माका हय एकटी ठेवन तुमी मरतलात, आणि मी बघीत रवतलंय!" आणखीही काय काय बोलले. आयुष्यात त्याच्याशी असं कधी भांडले नव्हते, कारण तो नेहमी उलट उत्तर द्यायचा आणि त्यातून हसू व्हायचं. आता तो फक्त बघत होता. त्याच्याकडे उत्तर असणार, पण ते द्यायला हवा नव्हती. मी जमिनीवर बसले आणि त्याच्या पावलांवर डोकं ठेवून रडले. त्याने एक हात गुडघ्यावरून उचलून माझ्या केसांवर ठेवला. तेवढ्यानेही त्याला धाप लागली. मी तो हात उचलून परत गुडघ्यावर ठेवला.

त्या रात्री मशीन उजाडेपर्यंत टिकलं नाही. पहाटे त्याचा इशारा वाजला आणि ते थांबलं. मी सिलिंडरमध्ये उरलेला ऑक्सिजन अगदी थोडा थोडा सोडत बसले. उजाडलं, तसा वाडीतल्या माणसांचा आवाज आला. दीर कमरेएवढ्या पाण्यातून व्हाळ ओलांडून आला होता. चौघांनी बांबूला बांधून नवा सिलिंडर वर आणला. दिराने दारातूनच विचारलं, "दादा?"

"आसा," नवरा म्हणाला. कितीतरी दिवसांनी ऐकलेला त्याचा पहिला शब्द.

त्याच दुपारी त्याला खुर्चीवर बसवून खाली नेलं. या वेळी त्याने विरोध केला नाही. उरलेला पावसाळा आम्ही बांद्याला काढला, आणि दिवाळीनंतर परत वर आलो. आणखी पॅनल लावली, एक जनरेटर घेतला. पण तो पुढच्या आषाढापर्यंत थांबला नाही. माघात, लख्ख उन्हात, मशीन चालू असताना, बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या असताना गेला. मी भाकरी भाजत होते. त्याला हाक मारली, ओ आली नाही.

मशीन मी तसंच ठेवलं होतं. नंतर डॉक्टरांकडून कळून रेडी गावची एक बाई ते न्यायला आली. तिच्या नवऱ्यालाही तेच दुखणं. त्यांचंही घर काजूच्या बागेत, खांबापासून लांब. तिने माझी पॅनल बघितली, बॅटऱ्या बघितल्या, आणि पिशवीतून कागद-पेन काढलं.

"बाय, माका पण असाच करून दी. तो घर सोडूक तयार नाय."

मी तिला खाली बसवलं, चहा दिला. मशीन किती खातं ते सांगितलं. तास विचारले, गुणाकार करून दिला, पॅनलचा आकडा लिहून दिला, बॅटऱ्यांचाही. ती मन लावून लिहीत होती.

"आणि पावसात?" तिने विचारलं.

"पावसात घेवन जा त्याका. खांबाखाली, खंयही. तो रडलो तरी घेवन जा."

"तुमी न्हेलास?"

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. मग मशीनचं एक टोक तिने धरलं, एक मी, आणि आम्ही ते तिच्या रिक्षापर्यंत उचलून नेलं.