एडिटरची कॅसेट

आमच्या घरात कॉम्प्युटर यावा अशी कुणाचीच इच्छा नव्हती, म्हणून मी तो आणला. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल असेल. मी महाडला सरकारी कचेरीत कारकून आणि घरात शास्त्रज्ञ. कॉम्प्युटर जुना, म्हणजे नुसता कीबोर्ड. पडदा म्हणून घरचा टीव्ही जोडायचा आणि प्रोग्रॅम टेपरेकॉर्डर लावून कॅसेटवरून भरायचा; नुसता ऐकला तर तो किरकिरच वाटे. (टीव्ही आणि टेप दोन्ही एकदम अडवल्यामुळे घरात माझी लोकप्रियता किती वाढली असेल, ते समजून घ्या.)

त्याच सुमारास पोलादपूरच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा निघाली. धाकटी बहीण शालू अर्ज लिहायला बसली, तर मी तिच्यासमोरचा कागद ओढून घेतला.

"घरात कॉम्प्युटर असताना हातानं अर्ज? लोक हसतील."

"दादा, सोमवारी शेवटची तारीख आहे. ही जागा गेली तर परत कधी निघेल कोण जाणे."

"शनिवारी मुंबईहून एडिटर येतोय. म्हणजे लिहिण्याचा प्रोग्रॅम. लिहा, खोडा, परत लिहा, कागद फुकट जात नाही."

परळच्या आतेभावानं, वसंतानं, ती कॅसेट एसटीच्या ड्रायव्हरकडे दिली. शनिवारी ती घरी पोचली तेव्हा मी कचेरीत होतो. आता, परळहून कॅसेट येणं आम्हाला नवं नव्हतं. आत्याला लिहिता येत नसे, म्हणून ती ख्यालीखुशाली टेपमध्ये बोलून पाठवायची. आम्ही ऐकायची, त्याच कॅसेटवर आमचं उत्तर भरायचं आणि एसटीनं परत धाडायची. हे सगळं ठाऊक असूनही आईला दोन शब्द सांगून ठेवावेत, हे शास्त्रज्ञाला सुचलं नाही.

संध्याकाळी मी शेजाऱ्यांना मुद्दाम बोलावून आणलं. तारा जोडल्या, टेप सुरू केला. पडद्यावर काही येईना.

"लोड होतंय," मी म्हणालो. थोड्या वेळानं पुन्हा म्हणालो. शेवटी टेपची वायर उपटली, तर आतून आईचा आवाज आला.

"वन्सं, जय भीम. तुमचा घसा लयच बसलाय गो. नुसती किरकिर आयकू आली. सुंठ घ्या. सुकट पाठवतंय. आणि आमचा हा कामावरनं आला का टीव्हीला वायरी लावून बसतो. वसंताला सांगा, याला जरा समजव."

शेजाऱ्यांनी शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं. एकानं तर पुन्हा लावायला सांगितलं.

"आये, तू एडिटर पुसलास!"

"मी काय पुसलं नाय. उत्तर भरलं. तुझ्या बापाच्या बहिणीला उत्तर नको द्याया?"

 शालूचे डोळे भरले होते आणि मला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली. धावत नाक्यावरच्या दुकानात जाऊन वसंताच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला.

"वसंता, दुसरी कॅसेट उद्याच्या उद्या पाठव."

"पाठवतो. पण दादा, तुझ्याकडे प्रिंटर आहे ना?"

"तो कशाला?"

"अरे, लिहिलेलं कागदावर कसं उतरणार? का टीव्ही उचलून शाळेत नेणार?"

मी फोन ठेवला. परत येईपर्यंत उत्तर तयार केलं. "शालू, अर्ज हातानंच लिही. हस्ताक्षराचा प्रभाव वेगळाच पडतो."

ती लिहीतच होती. मान वर न करता म्हणाली, "तेवढी शाईची बाटली दे."

मी दिली. त्या अर्जाला माझा हात लागला तो एवढाच. म्हणून तर तिला नोकरी लागली.