गुलाबी-निळी नळी

पद्मिनी साठ्ये मूळच्या साताऱ्याच्या. नवऱ्याची हवाई दलातली बदली झाली म्हणून चंदीगडला आल्या आणि मुलींच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेऊ लागल्या.

जून १९८४. सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईनंतर शहरात कर्फ्यू, परीक्षा पुढे ढकललेली. हरविंदर ही त्यांची हुशार विद्यार्थिनी महिनाभर आलीच नव्हती. तिच्या भावाला पोलिसांनी चौकशीला नेऊन सोडलं होतं, तेव्हापासून वडील तिला घराबाहेर पाठवत नव्हते. तिची तीन प्रात्यक्षिकं बुडाली. दोन वहीवरून समजण्यासारखी होती. तिसरं डोळ्यांनी पाहायलाच हवं होतं.

कर्फ्यू चार ते सहा शिथिल झाला, तशा पद्मिनीबाई तिच्या घरी निघाल्या. पिशवीत दोन थर्मास, एकात उकळतं पाणी, दुसऱ्यात बर्फ. रुमालात गुंडाळलेली, बूच लावलेली काचेची नळी.

चौकात शिपायाने अडवलं. "मॅडम, यह क्या है? बम-वम तो नहीं?"

"कोबाल्ट का घोल है," बाई म्हणाल्या आणि तिथेच कठड्यावर बसल्या. नळी गरम पाण्यात धरली, जांभळट द्रव निळा झाला. बर्फात धरली, हळूहळू गुलाबी. शिपायाने साहेबाला हाक मारली. साहेबाने सगळं पुन्हा करायला लावलं. पंधरा मिनिटं गेली.

हरविंदरच्या घरी दार तिच्या वडिलांनी उघडलं. नळी, थर्मास पाहून ते बाजूला झाले.

"मॅम, हीट से रिएक्शन पूरा हो जाता है क्या?" हरविंदरने विचारलं.

"नहीं. दोनों तरफ़ से चलता ही रहता है," बाई म्हणाल्या. "निळं व्हायला उष्णता लागते. ती दिली की तोल निळ्याकडे झुकतो. काढून घेतली की गुलाबीकडे." आपण मराठीत बोललो हे त्यांच्या उशिरा लक्षात आलं. हरविंदर हसली. तिला कळलं होतं.

तिने चार वेळा करून पाहिलं. पाचव्यांदा वडिलांनी नळी हातात मागितली.

सहाला अर्धा तास असताना तेच बाईंना घरापर्यंत सोडायला निघाले. "कॉलेज खुलेगा तो मैं ख़ुद लाऊँगा इसे," ते म्हणाले.

ऑगस्टमध्ये परीक्षा झाली. हरविंदरला ते प्रात्यक्षिक आलंच नाही, दुसरंच आलं. तरी ती पहिल्या वर्गात पास झाली, पुढे रोपडला शिक्षिका झाली. बाईंच्या नवऱ्याची बदली पुण्याला झाली तेव्हा वडील आणि लेक, दोघं स्टेशनवर पोचवायला आले.