शिंकेज धरून केलेलं होमपेज

आमच्या सासरी कुणीही धंदा काढला की त्याची वेबसाइट आधी मला दाखवायची, असा नियम पडून गेलाय. भाचीनं केक विकायला घेतले तेव्हा तिचं होमपेज माझ्याकडं आलं, चुलत दिरानं पंपाची एजन्सी घेतली तेव्हा त्याचंही. मी चष्मा पुसते, खुर्ची मागं सरकवते आणि विचारते, "यातलं खरं किती?" पुतणे-भाचे माना खाली घालतात. हा दरारा मला फुकट मिळालेला नाही. उद्यमनगर या आमच्या कारखान्यांच्या वसाहतीतलं सगळ्यात वाईट होमपेज मी स्वतः, माझ्या हातानं, दोन महिने खपून बनवलेलं आहे.

नवऱ्याचं पॅटर्नचं दुकान. दुकान म्हणायचं, पण विकायला मांडलेलं काही नसतं. पत्र्याची शेड, आत दोन कारागीर, लाकूड, करवत, रंधे आणि भुसा. फौंड्रीत पंपाचा किंवा इंजिनाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करून घ्यावा लागतो. तो वाळूत दाबायचा, अलगद काढायचा आणि राहिलेल्या खळग्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. त्या लाकडी भागाला म्हणायचं पॅटर्न. मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, दुकान उभं केलं आणि माझ्या नवऱ्याच्या ताब्यात दिलं. दिलं म्हणजे स्वतः दारातल्या खुर्चीवर बसले आणि तिथून सूचना देऊ लागले.

या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्न हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा करायचा. त्याला आमच्याकडं शिंकेज धरणं म्हणतात. त्यासाठी वेगळी पट्टी असते, तिच्यातला प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा जरासा लांब. लग्न होऊन आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मी त्या पट्टीनं खिडकीचं माप घेतलं आणि शिंप्याकडून पडदे शिवून आणले. ते बोटभर आखूड पडले. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, वारा यायला जागा झाली."

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. ज्या फौंड्रीच्या जिवावर आमचं चाललं होतं, तिनं कॉम्प्युटरच्या मशीनवर पॅटर्न करून घ्यायला सुरुवात केली. आमचं काम निम्म्यावर आलं, मग त्याच्याही निम्म्यावर. एकदा जेवताना मामंजींनी निकाल दिला. दसऱ्यापर्यंत वाट बघायची. तोवर नवी गिऱ्हाइकं आली तर ठीक, नाही तर शेड एका स्पेअर पार्टवाल्याला गोडाऊनसाठी द्यायची आणि नवऱ्यानं कागलच्या कारखान्यात सुपरवायझरची नोकरी धरायची. नवऱ्यानं भाकरी अर्धी ठेवली. हा माणूस भाकरी अर्धी ठेवणाऱ्यातला नाही. सुपरवायझर म्हणजे दुसऱ्याच्या हातातलं काम बघत उभं राहायचं. आणि आमच्या ह्यांना लग्नाच्या पंक्तीत टेबल डुगडुगलं तरी ताट सोडून खाली वाकायची आणि पायाला पाचर मारायची सवय.

मी तेव्हा राजारामपुरीत कॉम्प्युटरचा क्लास केला होता. वर्गात बाकी सगळी कॉलेजची मुलं, त्यामुळं सर मला 'मॅडम' म्हणायचे आणि मी त्यांना 'बाळ' म्हणता म्हणता सावरायची. वेबसाइट कशी करतात ते आम्हाला शिकवलं होतं. मी घरात जाहीर केलं की नवी गिऱ्हाइकं इंटरनेटवरून येतील, आणि मी ती आणीन. फक्त इंटरनेटवर थोडी जागा विकत घ्यावी लागेल.

मामंजी म्हणाले, "किती गुंठं?"

जागा घेतली. मग होमपेजवर काय घालायचं यावर घरात बैठक बसली. मी समजत होते की हे माझं काम आहे. पण होमपेज म्हणजे दारावरची पाटी, आणि पाटीवर काय असावं हे प्रत्येकाला कळतं. सासूबाईंच्या मते सगळ्यात वर अंबाबाई हवी. तिथं वाद नव्हता. धाकट्या दिराला पान उघडल्याबरोबर सनई वाजायला हवी होती. नवरा एवढंच म्हणाला की आपण काय करतो ते लिही आणि एखाद्या पॅटर्नचा फोटो टाक. त्याचं कुणी ऐकलं नाही. मीसुद्धा. फारच साधी सूचना होती ती, क्लासला जाऊन आलेल्या बाईला न शोभणारी.

मग मामंजींनी सिद्धांत मांडला. "हे बघ पोरी. आपण कारागीर चार म्हटलं की ऐकणारा दोनच धरतो. माणूस ऐकताना आकसून ऐकतो. तवा शिंकेज धरून सांगायचं."

मला ते पटलं. आजही वाटतं की मांडणी बिनतोड होती. सगळ्या घराण्याचा जन्म शिंकेज धरण्यात गेलेला, तर वेबसाइटनंच काय घोडं मारलं होतं? मग मी शिंकेज धरलं. आमची शेड झाली 'अत्याधुनिक कारखाना'. चार माणसांचा झाला 'कुशल कारागिरांचा ताफा'. हे सगळं इंग्रजीत, म्हणजे आणखी फुगलं. शेडचा फोटो असा काढला की शेजारच्या मोठ्या कारखान्याची भिंत आमचीच वाटावी. तेव्हा पानाखाली किती लोक येऊन गेले ते दाखवणारा आकडा असायचा. तो एकपासून सुरू होतो हे ऐकून मामंजींना धक्का बसला, दुकानाची बोहनी कुणी चारचौघांत सांगतं का? मग तो आकडा दहा हजारापासून सुरू केला. वर अंबाबाई, तिच्याखाली मामंजींचा फेट्यातला फोटो, त्याखाली डावीकडून उजवीकडं पळणाऱ्या लाल अक्षरांतलं स्वागत, पान उघडलं की दिराची सनई, आणि सगळ्यात तळाशी, काडेपेटीएवढा, नवऱ्यानं केलेल्या एका पंपाच्या पॅटर्नचा फोटो. तोही जागा उरली म्हणून.

पान सुरू झालं. आकडा रोज वाढू लागला, आणि मला हुरूप आला. मग कळलं की मामंजी सायबर कॅफेत जाऊन बसतात आणि तिथल्या मुलाकडून पान पुन्हा पुन्हा उघडून घेतात.

फोन मात्र येऊ लागले. पुण्याच्या एका बाईंना लहान मुलीच्या फ्रॉकचा पॅटर्न हवा होता. आम्ही पॅटर्न बनवतो एवढंच मी पानावर लिहिलं होतं, कशाचे ते राहूनच गेलं होतं. तो फोन सासूबाईंनी घेतला. त्यांनी आधी पोरीचं वय विचारलं, मग फ्रॉकला झालर कशी लावायची ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाल्या की आमच्याकडचा फ्रॉक लोखंडाचा येतो, पोरीला जड होईल. त्या बाई नंतरही दोनदा फोन करून सल्ला घेत होत्या. आठवड्यात असे तीन-चार फोन. कामाचा एकही नाही, आणि गणपती तोंडावर आलेले.

अशात बेळगावहून एका गृहस्थांचा फोन आला. ते शेतीचे पंप बनवायचे. नवा पंप काढायचा होता, त्याचे पॅटर्न हवे होते. म्हणाले, शुक्रवारी येतो, कारखाना बघतो.

फोन ठेवल्यावर घरात कुणाला आनंद झाला नाही. कारखाना कुठून आणायचा? मी म्हणाले, येऊ दे, आहे ते बघू दे. मामंजींनी हात झटकला. ताफा लिहिलाय तर ताफा दिसला पाहिजे. त्यांनी दोन्हीकडच्या पावण्यांना निरोप धाडले.

शुक्रवारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. माझे दोन भाऊ, दीर, दिराचे तालमीतले मित्र, आणि जयसिंगपूरचे चुलत सासरे. ते भुसारचे व्यापारी. पांढऱ्या स्वच्छ कपड्यात आले होते आणि लाकूड कोरायची पटाशी पेनासारखी धरून उभे होते. एक पैलवान रंधा उलटा धरून फळीवरून फिरवत होता आणि घाम मात्र खरा गाळत होता. माझा नवरा कोपऱ्यात बिचारा खरंखुरं काम करत होता, आणि त्या गर्दीत तोच तेवढा नवखा वाटत होता.

बेळगावचे पावणे आले. पन्नाशीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी सगळीकडं एक नजर टाकली, रंध्यापाशी थोडे थांबले, आणि मामंजींना म्हणाले, "काय ओ, ही सगळी माणसं कामाला आल्यात की जेवायला?"

कुणी हसलं नाही. मामंजी म्हणाले, "कामालाच की."

"खरी किती हाईत?"

मामंजींनी घसा खाकरला. आता ते पंधरा म्हणणार हे मला त्यांच्या मिशीवरून कळलं. एकदा पंधरा म्हटलं असतं तर हा माणूस चहा पिऊन गेला असता आणि दसऱ्याला शेडही गेली असती. सासऱ्यांच्या पुढं बोलायची आमच्यात पद्धत नाही. पण ते पान मी लिहिलं होतं.

"चार," मी म्हणाले. "तेसुद्धा मामंजी धरून. ते खुर्चीवरून सांगतात."

जयसिंगपूरच्या सासऱ्यांनी पटाशी हळूच खाली ठेवली. बेळगावचे गृहस्थ माझ्याकडं वळले. "मग बरं झालं की. मोठ्या ठिकाणी माझं काम कोपऱ्यात पडून राहतंय. मला लहानच जागा पाहिजे होती. तुमचं ते पान बघून येऊच नये वाटलंवतं."

मी विचारलं की मग आलात कसे.

"खाली तो पंपाचा बारका फोटो हाय न्हवं? तेवढ्यासाठी आलो. कुणी केला तो?"

कोपऱ्यातून नवरा भुसा झटकत पुढं आला. ते दोघं ड्रॉइंग उलगडून बाकावर वाकले आणि बाकीच्या आम्हा सगळ्यांना विसरून गेले. कामाला आलेला ताफा मग खरंच जेवायला बसला. पावण्यांनी एकच पॅटर्न करायला दिला. आवडला तर पुढचं बघू, म्हणाले.

त्याच आठवड्यात मी पान पुसलं. मामंजी शेजारी खुर्ची ओढून बसले, कारण त्यांचा फेट्यातला फोटो निघत होता. या वेळी मी नवऱ्याला विचारलं आणि तो जे म्हणाला ते तसंच लिहिलं. सगळ्यात वर: फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न. खाली एकच मोठा फोटो, पॅटर्न आणि त्यावरून ओतलेला लोखंडी भाग शेजारी शेजारी. मागं पांढरा पडदा हवा म्हणून मामंजींचं धुतलेलं धोतर ताणून धरलं होतं, म्हणजे तसे तेही पानावर राहिले. मग फोन नंबर, ठळक. आणि चार ओळी: आम्ही चौघं आहोत. लोखंड ओतत नाही, फक्त पॅटर्न करतो. ड्रॉइंग पाठवा. जमणार असेल तर हो म्हणू, जमणार नसेल तर त्याच दिवशी नाही म्हणू. अंबाबाई वरच ठेवली, पण लहान केली. सनई काढली, कारण बेळगावकरांच्या ऑफिसात ती वाजली तेव्हा कारकून लग्न कुणाचं म्हणून विचारत आला होता.

मामंजी वाचून म्हणाले, "हे पान हाय की कबुलीजबाब?"

"मामंजी, लोखंड गरम असतं म्हणून आकसतं. हे वाचणारा माणूस गार डोक्यानं वाचतोय."

त्यांनी पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती.

फ्रॉकचे फोन बंद झाले. सासूबाईंना जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं. नवे फोन थोडेच आले, पण जे आले ते आधीच सगळं वाचून आलेले, त्यांना समजावत बसावं लागत नव्हतं. साताऱ्याकडच्या एकाचं ड्रॉइंग आमच्या आवाक्याबाहेर होतं. नवऱ्यानं त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. आठवड्यानं त्याच माणसानं त्याच्या मेहुण्याला आमच्याकडं पाठवलं. इतक्या लवकर नाही म्हणणारा कोण हे बघायला आलो, असं मेहुणा म्हणाला, आणि काम देऊन गेला. बेळगावचा पॅटर्न वेळेत गेला, आणि बदल्यात पुढची दोन ड्रॉइंग आली.

दसऱ्याला चार दिवस असताना स्पेअर पार्टवाला टेप घेऊन शेडची मापं घ्यायला आला. मी जेवणाचा डबा घेऊन नुकतीच पोचले होते. आत करवत चालू होती, भुसा दारापर्यंत आला होता. नवऱ्यानं मान वर केली, टेपकडं बघितलं, आणि पुन्हा करवतीवर वाकला. हे दुकान हातचं गेलं की राहिलं, हे अजून कुणीच बोललेलं नव्हतं.

मामंजी खुर्चीतून उठले आणि दारात आडवे उभे राहिले.

"आत जागा न्हाय, पावणं."

तो म्हणाला की तुम्हीच बोलावलं होतं.

"मीच बोलावलंवतं. आता मीच न्हाय म्हणतोय. चहा घेऊन जावा."

त्यानं चहा घेतला, दोन शिव्या तोंडातल्या तोंडात दिल्या आणि गेला. मामंजी आतल्या करवतीकडं वळले. मग माझ्या हातातला डबा घेत हळू आवाजात म्हणाले, "त्या पानावर आणखी एक वळ घाल. काम घाईनं करून मिळणार न्हाय म्हणून."

त्या दिवशी संध्याकाळी मी ती ओळ घातली. नवऱ्यानं दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली.